तिसऱ्या बॅरोनेटला मुलगा झाला

मस्कतजवळ रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पाइपांचा कारखाना आहे आणि तिथला खरेदी विभाग मी सांभाळतो. खरेदीवाल्याला एक खोड लागते. समोर काहीही आलं की तो आधी विचारतो, हे मूळचं कुठलं? व्हॉल्व्ह इटलीचा म्हणता, मग इटलीचा दाखला कुठे आहे? ही खोड मी माणसांनाही लावतो. मस्कतमध्ये नवीन मराठी कुटुंब भेटलं की गाव, तालुका, आजोळ, बायकोचं माहेर असं विचारत विचारत मी त्यांचं आमच्याशी नातं काढतोच. बायको म्हणते, "अहो, त्यांना आधी चहा तरी पिऊ द्या."

अशा माणसाच्या शेजारच्या केबिनमध्ये एक इंग्रज आपली चौकशी स्वतःच भिंतीवर टांगून बसला होता. माझा आनंद तुमच्या लक्षात येईल.

साहेब आमच्या कारखान्याचे तांत्रिक सल्लागार. साठी ओलांडलेले, उंच, आणि इथल्या उन्हाने कायमचे शेंदरी झालेले. नकाशे छापायच्या मोठ्या यंत्रावर त्यांनी स्वतःच्या घराण्याची वंशावळ छापून घेतली होती, पलंगपोसाएवढी. सगळ्यात वर ढाल, आणि ढालीत एक लाल पंजा, मनगटापासून कापलेला, डावा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, घरात मंगलकार्य आहे आणि कुणीतरी भिंतीवर कुंकवाचा हात उमटवलाय.

"हा बॅरोनेटचा पंजा," साहेब म्हणाले. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे मी ते मराठीत सांगतो, आणि माझी वाक्यं थोडी सुधारून घेतो.

बॅरोनेट लॉर्डच्या खाली आणि साध्या 'सर'च्या वर. साधा सर मेला की पदवी त्याच्याबरोबर मातीत जाते. बॅरोनेटची पदवी मात्र घरातल्या पितळी पातेल्यासारखी थोरल्या मुलाकडे जाते, मग त्याच्या थोरल्याकडे. हा मान काही रणांगणावर मिळालेला नव्हता. त्या काळच्या राजाचा खजिना आटला होता आणि आयर्लंडात फौज पोसायची होती. राजाने पदव्याच विकायला काढल्या. तो लाल पंजा आयर्लंडच्या खर्चाची पोच.

"म्हणजे टेंडर निघालं होतं," मी म्हणालो.

"तसं कुणी म्हणत नाही," साहेब म्हणाले.

"आणि तुमच्या पूर्वजांनी भरलं."

"ते लोकरीचे व्यापारी होते," साहेब जरा ताठ होत म्हणाले, आणि मला खुर्ची दिली. तिथून आमची मैत्री.

पहिले बॅरोनेट लोकरवाले. दुसरे बॅरोनेट फार हुशार. राजा आणि पार्लमेंट यांच्यात जुंपली तेव्हा ते जो जिंकत असेल त्याच्या बाजूने लढले, कधी कधी एकाच आठवड्यात दोघांच्याही. तिसरे बॅरोनेट घोड्यावरून पडून वारले, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. त्यांना मूल नव्हतं. निदान सगळं गाव तसं म्हणत होतं. साहेबांच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की नवरा गेला तेव्हा बाई गरोदर होत्या, त्यांना मुलगा झाला, आणि एका चुलत भावाने 'हे पोर यांचं नव्हेच' अशी आवई उठवून पदवी, घर, कुरणं सगळं गिळलं. तो मुलगा म्हणजे साहेबांचा मूळपुरुष.

"भाऊबंदकी," मी म्हणालो, आणि शब्दाचा अर्थ सांगितला. आमच्याकडे ही घराघरात असते, फक्त कुरणांच्या जागी विहिरीत हिस्सा असतो. साहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी कपाटातून चांगली बिस्किटं काढली.

बिस्किटं खाता खाता माझी नजर वंशावळीच्या तळाशी गेली. सगळ्या रेघा सरळ, ठसठशीत. फक्त साहेब आणि त्यांच्या दिवंगत पत्नी यांच्याखाली एक रेघ तुटक होती. तिच्या टोकाला एका मुलीचं नाव.

"इथे शाई संपली का?"

"नाही," साहेब म्हणाले. "ती आमची मुलगी. दत्तक घेतलेली. दत्तक मूल तुटक रेघेने दाखवतात. नियम आहे."

"तिला ठाऊक आहे?"

"दत्तक असल्याचं? लहानपणापासून."

"रेघेचं विचारतोय मी."

साहेबांनी बिस्किटांचा डबा बंद केला.

आता मला चेव यायचं कारण सांगतो. माझे आजोबा दत्तक. पणजोबा तरुणपणी, निपुत्रिक गेले. आमच्याकडे विधवेला एक अधिकार होता, नवऱ्यामागे त्याच्या नावाने मुलगा मांडीवर घ्यायचा. पणजीने घेतला. त्या मुलाने आयुष्यभर अशा बापाचं श्राद्ध केलं ज्याला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. थोडक्यात, आमच्या पणजोबांना मेल्यानंतर मुलगा झाला, आणि त्यात कुणालाही काही विशेष वाटलं नाही. साहेबांच्या नियमाने बघायचं तर माझे वडील, मी आणि माझी पोरं, सगळे हवेत लोंबकळतोय.

"तुमची पद्धत वेगळी आहे," साहेब म्हणाले. "वंशावळ म्हणजे रक्त."

वंशावळींचा ओमानमध्ये तुटवडा नाही. आमच्या कारखान्याची सरकारी कामं करणारा ओमानी सहकारी कॉफीचा छोटा कप हातात धरून आपले पूर्वज घडाघडा म्हणतो, अमुक बिन तमुक बिन तमुक, कप रिकामा होईपर्यंत. मग माझ्याकडे बघतो. मी वडील, आजोबा, पणजोबा म्हणतो आणि थांबतो, कारण श्राद्धात तेवढेच लागतात. "बस, खलास?" तो दयेने विचारतो. पण त्याच्या त्या 'बिन'मध्येसुद्धा मला कधी तुटक रेघ ऐकू आली नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आम्ही वादी अदाईला राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक बोडका काळा डोंगर दिसतो, आणि बायको गंभीर झाली की त्याच्याकडे बघत बोलते.

"पुढच्या महिन्यात ते निवृत्त होतायत ना?"

"हो. मुलगी येतेय सामान बांधायला. मग इंग्लंडात सगळं खानदान जमणार, आणि ही वंशावळ काचेत घालून दिवाणखान्यात लावणार."

"म्हणजे सगळ्या भावकीसमोर टांगणार, की बाकीचे आमचे आणि ही अशीतशी. आणि ती पोरगी हातात ताट घेऊन त्याच्याखाली उभी राहणार." तिने डोंगराकडे पाहिलं. "अहो, ती रेघ जोडून घ्या."

"मी कोण जोडणारा?"

"सगळ्या जगाची नाती जोडत फिरता. एक इंग्रज जमत नाही?"

मग मी प्रयत्न केले. वंशावळ फ्रेम करायला रुवीच्या बाजारात न्यायची होती. साहेबांच्या गाडीत, शेजारी बसून, मी त्यांना त्यांच्याच लोकांचा इतिहास ऐकवला. राजा निपुत्रिक मेला, राणीने मुलगा मांडीवर घेतला, तोंडात साखर घातली, आणि कंपनी सरकारने वर नाक करून सांगितलं, दत्तक नामंजूर. सातारा गेलं, नागपूर गेलं, झाशी गेली. गव्हर्नर जनरलचा आवाज मी असा काढला की सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली.

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो," साहेब म्हणाले.

"तुमची तुटक रेघ जन्मली होती."

ते हसले. पण रेघ तुटकच राहिली. माणूस वाईट नव्हता हो. त्या मुलीचा फोन आला की त्यांचा शेंदरी चेहरा उजळायचा. ती मुलगी नाही असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला वर्कशॉपमधल्या पाइपने मारलं असतं. पण मायेचा मान वेगळा आणि नियमाचा मान वेगळा, अशी त्यांच्या मनाची दोन कपाटं होती आणि एकाची चावी दुसऱ्याला लागत नव्हती.

रुवीतला फ्रेमवाला माझा जुना दोस्त, रत्नागिरीकडचा, सगळे त्याला भाई म्हणतात. ओमान सोडून जाणाऱ्या प्रत्येक गोऱ्या साहेबाला कंपनी काचेच्या पेटीत ओमानी खंजीर देते, आणि त्या पेट्या भाई करतो. दुकानात शिरलं की पन्नास खंजिरांच्या मधोमध हा किडकिडीत माणूस चष्मा पुसत बसलेला असतो. त्याने वंशावळ टेबलावर पसरली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मला मराठीत म्हणाला, "ह्यात वरती बायका कुठं हायत रे? नुसते बाप्येच बाप्यांना जन्म देतायत."

"काय म्हणतो तो?" साहेबांनी विचारलं.

"कागद उत्तम आहे म्हणतो."

मुलगी आली. पस्तिशीची, मोठ्याने हसणारी, पेशाने घोड्यांची डॉक्टर. कारखान्यात तिला साहेबांनी सगळ्यांना भेटवलं, "माझी मुलगी," असं प्रत्येक टेबलापाशी थांबून. वंशावळ भाईकडे असल्याने केबिनची भिंत रिकामी होती. मी तिला तिसऱ्या बॅरोनेटबद्दल छेडलं, तर म्हणाली, "मला नेहमी त्या घोड्याची काळजी वाटते. माणूस पडला की दोष घोड्यालाच देतात." मला ती तिथल्या तिथे आवडली, आणि तुटक रेघ जास्तच टोचायला लागली.

आणि मग साहेबांच्या थोरल्या बहिणीचा इंग्लंडहून फोन आला.

साहेब माझ्या केबिनमध्ये आले, दार लावलं आणि म्हणाले, "खलास." ओमानात इतकी वर्षं काढलेला माणूस मोठ्या दुःखात अरबी बोलतो.

बहीणबाई चिकाटीच्या. भावाच्या समारंभासाठी त्या जुन्या गावच्या चर्चमध्ये जाऊन कागद चाळून आल्या होत्या. तिसऱ्या बॅरोनेटच्या बाई कधी गरोदर नव्हत्याच. नवरा गेल्यानंतर दोन हिवाळ्यांनी त्यांनी किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून एक मूल घरी आणलं होतं, आईबाप अज्ञात. त्याला वाढवलं, घराण्याचं नाव दिलं. बस. तो दुष्ट चुलत भाऊ, ज्याला साहेबांच्या घराने इतक्या पिढ्या शिव्या घातल्या, तो शब्दशः खरं बोलत होता.

"मी कुणाचाच कुणी नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या मित्राला सांगा, फ्रेम नको. फाडून टाकायला सांगा."

मी दुःखाचा चेहरा केला. मराठी मंडळाच्या नाटकांत मिळवलेला सगळा अनुभव त्या चेहऱ्यावर खर्ची पडला, कारण आतून मला अशा गुदगुल्या होत होत्या की टेबलाचा काठ धरावा लागला.

"शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या," मी म्हणालो. "मुलीला घेऊन. फाडायचं काय ते तिथे बघू."

शुक्रवारी नमाज आटोपून भाई वंशावळीची गुंडाळी घेऊन आला. साहेब आले, दोन दिवसांत वय वाढल्यासारखे. मुलीला त्यांनी बहिणीच्या फोनचं सांगितलं होतं, आणि तिला कळत नव्हतं की एवढं काय आभाळ कोसळलंय. श्रीखंड-पुरीने साहेबांना थोडा रंग आला. ताटं उचलल्यावर मी खांद्यावर उपरणं टाकलं आणि उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हणालो, "आज आपण इथे एक राहून गेलेला विधी उरकणार आहोत. तिसऱ्या बॅरोनेटना मुलगा नाही. त्यांच्या बाईंनी मूल घरात घेतलं, पण मांडीवर घेतलं नाही, कारण त्यांना कुणी पद्धत सांगितली नाही. आमच्याकडे विधवा हा विधी करू शकते. उशीर झालाय, पण आमच्या शास्त्रात उशिराला दंड नाही."

साहेबांनी तोंड उघडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, गप्प बसा, मला बघायचंय."

तिसरे बॅरोनेट म्हणून पाटावर नारळ ठेवला, शेंडी मागे. आता त्यांची पत्नी हवी. मी बायकोकडे पाहिलं.

"मी नाही हं विधवा होणार," ती म्हणाली. "नवरा समोर उभा आहे, आणि थोडा उपयोगाचा आहे अजून."

सगळ्यांनी भाईकडे पाहिलं.

"ह्यासाठी मला जेवू घातलंस?" भाई म्हणाला. पण टेबलावरचं पांढरं कापड डोक्यावरून घेऊन तो नारळाशेजारी मांडी घालून बसला, आणि दाढी आत दडवून असा काही शोकाकुल झाला की साहेब खुर्चीत पुढे सरकले. मी वंशावळीची गुंडाळी, तेच आमचं बाळ, त्याच्या मांडीवर ठेवली. भाईने तिला थोपटलं. "गोरा हाय," म्हणाला, "पण रडत नाय. चांगला हाय."

मी संस्कृतसारखं काहीतरी म्हटलं. शास्त्रात एक मोठी अडचण आहे: मूल देणारं कुणीतरी लागतं, अनाथ मुलाला देणार कोण? ती अडचण मी एका लांब उच्चारात गिळून टाकली. खरेदी विभागात मूळ दाखला हरवलेला मालही कधी कधी असाच आत घ्यावा लागतो. मग बायकोने साखरेची वाटी आणली आणि मी साहेबांना म्हणालो, "तोंड उघडा. त्या मुलाच्या वतीने तुम्ही."

त्यांनी उघडलं. मी साखर घातली. साखर तोंडात घोळवत तो उंच माणूस पाटावरच्या नारळाकडे बघत राहिला. भाईसुद्धा कापडाखाली नुसता बसून राहिला.

"आता कागद उघडा," बायको म्हणाली. तिचा रोख मला कळला.

गुंडाळी टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. मुलगी वरून वाचत आली, पंजा, लोकरवाले, दलबदलू, घोड्यावरचे, पुढे आणखी कितीतरी, आणि खाली येऊन तिचं बोट थांबलं.

"ही मी?"

साहेबांचा चेहरा शेंदरीचा पांढरा झाला.

"तुटक," ती म्हणाली. बोट रेघेवरून मागेपुढे फिरलं. मग ती हसली, पण नेहमीसारखी मोठ्याने नाही. "ठीक आहे. रस्त्यावर तुटक रेघ असली की ओलांडायला परवानगी असते."

"तो नियम आहे," साहेब म्हणाले, अगदी हळू. "मी बनवला नाही."

"मग वर त्या पोराला पण तोच लावा," बायको म्हणाली. तिचं इंग्रजी तुटपुंजं आहे, पण निकाल द्यायला पुरतं. "एकच नियम. वर पण, खाली पण."

साहेब कागदावर वाकले. वरची रेघ तोडली असती तर खालचं सगळं झाड, शेतकरी, पाद्री, दोन नाविक कप्तान, त्यांचे स्वतःचे वडील, सगळेच तुटक रेघेला लोंबले असते. त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं आता ते वरचा भाग खोडणार. नियमाचा माणूस, त्याने तेही केलं असतं. त्यांनी वरच्या मुलाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'बाईंनी घरी आणलेला', आणि रेघ तशीच ठसठशीत ठेवली. मग खाली आले. मुलीची रेघ तुकड्या-तुकड्याने जोडायला लागले. हाताशी पट्टी नव्हती, त्यामुळे रेघ काही सरळ आली नाही; मधे एक पोट सुटलं.

"तिच्या नावापाशी काय लिहिणार?" मी विचारलं. "'साहेबांनी घरी आणलेली'?"

"काही नाही लिहिणार," साहेब म्हणाले.

मुलगी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हनुवटी त्यांच्या टकलावर टेकवली.

"थांबा," बायको म्हणाली आणि आतून कुंकू कालवून आली. "वरती त्यांच्या राजाचा हात आहे ना? मग हिचा पण हवा. लेक घरची झाली." मुलीने डावा हात पुढे केला, वरच्यासारखा. बायकोने तो बाजूला सारला. "तो राजाला चालत असेल. आमच्याकडे उजवा."

असा तो कागद झाला. माथ्यावर एक डावा लाल पंजा, पायथ्याशी एक उजवा, आणि मधे कितीतरी बाप्ये.

रविवारी मी आणि साहेब फ्रेम आणायला रुवीला गेलो. भाईने काच बसवली होती आणि मागची फळी ठोकत होता. कुंकू नीट वाळलं नव्हतं, म्हणून खालचा पंजा काचेला चिकटला होता आणि थोडा पसरला होता. साहेबांनी काळजीने विचारलं, काच काढून पुसता येईल का?

भाईने शेवटचा खिळा मारला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग त्याला, आता उघडायचा नाय. उघडलान तर हात काचेसंगती निघून येईल."

मी या वेळी शब्दन्‌शब्द खरा सांगितला. साहेबांनी फ्रेम छातीशी धरली आणि गाडीपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.